गुरूच्या नावाचा रकाना

माझ्या बाबांना गाण्याचं वेड होतं, आणि मला त्यांच्या तोंडून एक 'वा' ऐकायचं वेड होतं. दोन्ही वेडं रोज पहाटे साडेपाचला एकाच सतरंजीवर समोरासमोर बसायची.

बाबा 'वा' म्हणतच नसत असं नाही हं. तसं असतं तर माझी काही तक्रारच नव्हती. रेकॉर्डवरच्या बाईला म्हणायचे. गणपतीत कुणी गवई आला की पहिल्या रांगेत बसून, मांडीवर थाप मारून म्हणायचे. एकदा तर मार्केटच्या बस स्टँडवर गाणाऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याला त्यांनी भर गर्दीत 'वा, क्या बात है!' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. मी मात्र जीव तोडून यमन म्हणावा आणि बाबांनी पेटीचा भाता लावून घेत म्हणावं, "बरं. उद्या निषाद बघू." नुसता संताप व्हायचा.

आम्ही मिरजेहून बंगळूरला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांना इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती, ड्रॉइंग ऑफिसात चेकरची. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासायची, चूक दिसली की लाल पेन्सिलीनं गोल करायचा, चूक नसली की कोपऱ्यात बारीक सही करून कागद पुढं सरकवायचा. 'छान काढलंय' असं लिहायची तिथं पद्धत नव्हती. घरी आल्यावरही बाबा तेच करत. आमटी चांगली झाली तर गप्प जेवत, मीठ कमी पडलं तर बोलत. आईला त्याची सवय झाली होती. मला काही केल्या होईना.

शिकवण्याची त्यांची रीतही ठरलेली. आधी पेटी, मग मी. बाबा पट्टी दाबायचे, सूर खोलीत उभा राहिला की मी त्यात आवाज मिळवायचा. तान असली तर त्यांची बोटं जराशी पुढं, माझा गळा जरासा मागं. अशी आठ वर्षं गेली. मिरजेहून येताना आगगाडीत मांडीवर धरून आणलेला तानपुरा घरात होता, पण गवसणी घालून कोपऱ्यात. तो छेडायला तिसरं माणूस हवं असा बाबांचा हट्ट, आणि आई म्हणायची, "मी तिथं तारा छेडत बसले तर डबा कोण भरील?" त्यामुळं तो गवसणीतच राहिला.

मी अठरा वर्षांची झाले त्या साली महाराष्ट्र मंडळातले लोक घरी आले. गणपतीत मुलीला गाऊ द्या म्हणाले. मी आतल्या खोलीत दाराला कान लावून उभी. बाबा म्हणाले, "आधी रेडिओवर पास होऊ दे. मग बघू." पाहुणे चहा पिऊन निघून गेले. मी मात्र ते वाक्य धरून बसले. रेडिओनं पास केलं की बाबांना दुसरं काही म्हणताच येणार नाही, 'वा' म्हणावंच लागेल, असा माझा हिशेब. वेडेपणाच सगळा, पण अठराव्या वर्षी शहाणपण कुठून आणणार?

आईनं त्या दिवशी भांडी लावता लावता एक गोष्ट मला हळूच सांगितली. लग्नाआधी बाबांनी स्वतः रेडिओची ऑडिशन दिली होती आणि ते नापास झाले होते. "मी सांगितलं म्हणू नकोस गं बाई," एवढं बोलून ती पुन्हा भांड्यांकडं वळली. माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मला माझंच पडलं होतं.

फॉर्म बाबांनीच भरला. त्यात एक रकाना होता, संगीताचं शिक्षण कोणाकडं घेतलं ते लिहायचा. त्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं, ड्रॉइंगवर घालतात तशा सुबक, सरळ अक्षरांत. शाई वाळेपर्यंत कागदाकडं बघत बसले होते.

बोलावणं आलं त्यात स्पष्ट म्हटलं होतं, साथीला पेटी चालणार नाही. रेडिओचा तेव्हा तसा नियमच होता. गायचं ते तानपुऱ्यावर. बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? सूर गळ्यात बसलेत तुझ्या." मग आठ दिवस आम्ही पेटीशिवाय बसायचं ठरवलं. ठरवलं खरं! मी जरा कुठं अडले की बाबांचं बोट पट्टीवर गेलंच. "चूक ऐकू आली की हात जातो गं आपोआप," म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोट गेलं की मला हायसं वाटायचं.

ऑडिशनच्या दिवशी बाबांनी रजा टाकली. रेडिओ स्टेशनात त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत नेलं. खोलीच्या भिंती जाड कापडानं मढवलेल्या. माझ्या स्वतःच्या श्वासाचा आवाज मला मोठा वाटायला लागला. एक गृहस्थ तानपुरा घेऊन बसलेले, दुसरे तबल्यावर. परीक्षक काचेपलीकडं कुठंतरी, मला दिसत नव्हते. लाल दिवा लागला. तानपुरा घुमत होता आणि मी वाट बघत होते. कशाची? पेटीची! पुढं कुणीतरी सूर ठेवील आणि मी त्यावर पाय देईन, याची. कुणी ठेवला नाही. मी 'सा' लावला, तो बरा लागला. गंधारावर गेले तर तो कुठं आहे तेच कळेना. चढा लावला, मग खाली ओढला, मग पुन्हा चढा. तबलजींनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली. ते बघून उरलासुरला यमनही गेला. घामानं पोलकं पाठीला चिकटलं. मधेच लाल दिवा विझला. कुणीतरी आत येऊन अदबीनं म्हणालं, "पुरे, बाहेर बसा."

बाबा बाकावरून उठून उभे राहिले. "कसं झालं?"

"बरं झालं," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी इंग्रजीत टाइप केलेलं पत्र आलं. 'आपण योग्य आढळला नाहीत' असा त्याचा अर्थ बाबांनीच मला मराठीत सांगितला, ऑफिसातलं कुणाचं तरी पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात. मग मात्र घरात एकच धडाका सुरू झाला. तबलजीच वाईट असणार. परीक्षक सगळे कर्नाटक संगीतातले, त्यांना आपल्यातलं काय कळतंय? तानपुराच नीट मिळवलेला नसणार. आई म्हणाली, दृष्ट लागली पोरीला. मी खाली मान घालून ऐकत होते. मला ठाऊक होतं की यातलं एकही खरं नाही. पण ते म्हणायचं कसं? म्हटलं तर आठ वर्षांच्या पहाटा बाबांच्या तोंडावर फेकल्यासारखं होणार. आणि नाही म्हटलं तर पुन्हा तेच, पुन्हा तीच खोली.

आमच्या घरमालकीणबाई पुढच्या भागात राहत. त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. पन्नाशीच्या असतील. त्यांची मंडळी शे-दीडशे नाही, तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेली. मराठीच बोलायच्या, पण निम्मं कानडी घालून. आमच्या मंडळातल्या बायका त्यांच्या बोलण्याला पदराआड हसायच्या, आणि लाजेची गोष्ट म्हणजे मीही हसायचे. पत्र आलं त्या दिवशी मी मागच्या पायरीवर रडत बसले होते. अक्का दूध आत न्यायला आल्या आणि थांबल्या.

"अय्यो, पुरे कर गे रडणं. स्वल्प आत ये."

आत त्यांची वीणा होती, लहानपणी शिकलेली. त्यांनी मला पाणी दिलं आणि न विचारता सांगून टाकलं, "रोज सकाळी भिंतीतून ऐकते मी. पेटी पुढं येते, तू मागनं येतेस. एकटी कधी आलीस?"

मला इतका राग आला! नापास होऊन दोन तास झाले नाहीत, आणि ही बाई मला शिकवणार? मी पाणी तसंच ठेवून उठून आले. जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कारखान्यात असताना तानपुऱ्याची गवसणी काढली, तो खांद्यावर टाकला आणि अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"सरी, बस," त्या म्हणाल्या, जणू मी येणार हे ठरलेलंच होतं.

त्यांनी मला राग शिकवला नाही. त्यांचं संगीत वेगळं, माझं वेगळं. त्यांनी फक्त तारा मिळवायला शिकवलं आणि मग गप्प बसायला लावलं. अडले तरी मदत नाही. सूर चुकला तर त्या नुसत्या वाती वळत बसायच्या, आणि सापडेपर्यंत मी अंधारात असल्यासारखी चाचपडायचे. कधी कधी तासभर एकच गंधार. डोकं उठायचं. मी चिडून म्हणायचे, "अक्का, सांगा ना, बरोबर आहे का?" त्या म्हणायच्या, "मला काय विचारतेस? तारेला विचार." पहाटे पुन्हा बाबांसमोर बसायचे, तेव्हा पेटी नकोशी व्हायची. दोन घरी दोन तोंडं घेऊन मी चार महिने काढले.

व्हायचं ते एका शनिवारी झालं. कारखान्याला अर्धा दिवस असतो हेच मी विसरले. अक्कांच्या पुढच्या खोलीत डोळे मिटून आलाप करत होते. गंधारावर आले आणि जराशी डळमळले. डोळे उघडले तर दारात बाबा. सायकलवरून आलेले, पँटचे पाय घोट्यांपाशी अजून क्लिपांत अडकवलेले. माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. त्या हाताचं मधलं बोट लाकडावर दाबलेलं, गंधाराच्या पट्टीवर दाबावं तसं.

माझं डोकं फिरलं. "हात काढा तो!" मी ओरडले. बाबांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "त्या बोटामुळंच नापास झाले मी. आठ वर्षं तुम्हीच गाताय, बाबा. मी कधी गायलेच नाही!"

अक्कांच्या हातातली वात थांबली. बाबांनी हात खाली घेतला. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ओरडतील, किंवा तानपुरा उचलून घेऊन जातील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. ते अक्कांकडं वळून म्हणाले, "त्रास झाला तुम्हाला," आणि वाकून घोट्यांच्या क्लिपा काढायला लागले. एक निघाली, दुसरी निघेना. तशीच ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर सतरंजी घातलेली होती, पेटी मात्र कपाटावर. बाबा फिरायला गेले होते, लालबागेपर्यंत. मग रोजच जायला लागले. माझ्याशी बोलणं बंद. "तिला म्हणावं, पाणी तापलंय," असं आईला सांगायचे, आणि मी तिथंच दोन हातांवर उभी असायचे. मीही काही कमी नव्हते. "आई, त्यांना म्हणावं, मला नकोय." आई बिचारी दोघांच्या मधे पोस्टमन झाली. एकदा ती वैतागून म्हणाली, "मी मेले म्हणजे बोलाल का एकमेकांशी?" तरी आम्ही बोललो नाही. मला माफी मागायची होती, देवाशपथ मागायची होती. पण माफी मागितली तर पेटी पुन्हा खाली येईल, ही भीती होती. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला वाटत होतं, एकदा त्यांनीही कबूल करावं. मी एकटीनंच का वाकायचं?

दुसऱ्यांदा अर्ज करायची वेळ आली तेव्हा फॉर्म मी भरला. त्या रकान्यापाशी येऊन थांबले. अक्कांचं नाव घालावं असं मनात आलं. पण त्यांनी आधीच बजावलं होतं, "माझं नाव कुठं घालू नकोस गे. मी काय शिकवलं तुला?" मग उरलं एकच नाव. लेखणी तिथवर नेली. दारातलं ते बोट डोळ्यांपुढं आलं, आणि इतके दिवस माझ्याकडं फिरवलेली ती पाठही आली. मी बाबांची ड्रॉइंगची पट्टी घेतली आणि रकान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. कोणीही नाही. सही केली, कागद पाकिटात घातला आणि आईकडं दिला, तिकीट लावून टाक म्हणून. आतून बरं वाटलं होतं हे मी लपवणार नाही.

ऑडिशनला या खेपेला एकटीच गेले. तीच खोली, तेच तबलजी. त्यांनी मला ओळखलं की काय कुणास ठाऊक. लाल दिवा लागला. तानपुरा सुरू झाला. मी लगेच गायलेच नाही. तारेत गंधार आपला आपण ऐकू यायला लागेपर्यंत थांबले. काचेपलीकडून कुणी 'चला' म्हणेल की काय असं वाटत होतं, तरी थांबले. मग गेले त्याच्यावर. तो होता. दिवा विझेपर्यंत मी कुणाचीही वाट बघितली नाही.

पत्र दुपारच्या टपालानं आलं. कॉलेजात शिकलेलं इंग्रजी तेवढ्यापुरतं पुरलं. पास. मी आईला मिठी मारली, आईनं देवापुढं साखर ठेवली. आणि मग दोन वाजल्यापासून साडेपाचपर्यंत मी जी येरझाऱ्या घालत होते, तशी ऑडिशनच्या आधीही घातली नव्हती. आता काय म्हणतील? म्हणतील ना? की इथंही पुन्हा आईमार्फतच निरोप?

बाबा आले. सायकल लावली. मी पत्र सरळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, चूक शोधत असल्यासारखं. मग पत्राची घडी घातली. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून, थेट माझ्याशी बोलले.

"फॉर्मात गुरू म्हणून कुणाचं नाव घातलंस?"

आवाज अगदी साधा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आणि त्या क्षणी मला आईनं भांडी लावताना सांगितलेली ती गोष्ट पहिल्यांदा कळली. या माणसालाही कधीतरी असंच पत्र आलं होतं. तेव्हा त्याला काय वाटलं असेल? कुणी विचारलं असेल का? आणि माझ्या हातून काय झालं होतं? मी पट्टी घेऊन त्यांना नापास केलं होतं.

"तुमचं," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचं घालणार?"

"वा!" बाबा म्हणाले. मांडीवर थाप मारून म्हणाले. "वा, वा!" त्यांचे डोळे भरून आले होते. ते तसेच पायात चपला सरकवून अक्कांना पत्र दाखवायला पुढं निघून गेले.

मी खाली बसले. हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला ते खोटं बोलून मिळालं होतं. रडू फुटलं. "आई, मी खोटं बोलले गं," मी म्हटलं. "त्यांचं नाव नाही घातलं मी. रेघ मारली तिथं."

आई माझ्याशेजारी टेकली. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यांनाही माहीत आहे. पाकीट मी त्यांच्याकडंच दिलं होतं टाकायला. उघडंच होतं. त्यांनी फॉर्म काढून बघितला, बराच वेळ बघत बसले, मग डिंक लावून पाकीट बंद केलं आणि स्वतः जाऊन टाकून आले."

"मग मला विचारलं कशाला?"

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज येत होता. ते अक्कांना सांगत होते, "माझ्याकडंच शिकली ना ती. फॉर्मात तसं लिहिलंय तिनं."